साठा किती, उपसा किती

बालाघाटाच्या पठारावर, जयंती नदीच्या काठी वसलेले अंबाजोगाई हे गाव मुकुंदराजांच्या समाधीमुळे व दासोपंतांच्या पासोडीमुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून बसले आहे; निजामी अमदानीत ते मोमिनाबाद या नावाने, घोडदळाची छावणी म्हणून, सरकारी दप्तरांत नोंदले गेले; आणि पुढे ग्रामीण भागासाठी म्हणून मुद्दाम स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयामुळे आसपासच्या तालुक्यांतील रुग्णांचे ते आशास्थान झाले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या तिन्हींहून निराळा, म्हणजे वीज गेल्यावर घरची बॅटरी किती पुरते हा, आहे. येथून पंचवीसेक किलोमीटरांवर परळी आहे, आणि परळीस १९७० च्या दशकाच्या आरंभापासून कोळसा जाळून वीज निर्माण करणारे औष्णिक केंद्र आहे. ज्या केंद्राची वीज महाराष्ट्राच्या दूरदूरच्या कारखान्यांपर्यंत पोहोचली, त्या केंद्राच्या शेजारच्या वस्त्यांनी भारनियमनाच्या काळात दिवसाचे कित्येक तास विजेविना काढले. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण येथे अलंकार म्हणून वापरण्याची गरजच पडली नाही. तो रोजचा अनुभव होता.

२००५ च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास विजेची मागणी व पुरवठा यांतील तूट इतकी वाढली की ती कोणाच्या माथी मारावयाची याचे कोष्टक करावे लागले. ज्या वाहिनीवर वितरणहानी अधिक व वसुली कमी, त्या वाहिनीवर भारनियमन अधिक, असा दंडक ठरला. हिशेबाच्या दृष्टीने तो निर्दोष भासतो. परंतु एकाच वाहिनीवर शंभर घरे असावीत, त्यांपैकी काहींनी आकडे टाकलेले असावेत, काहींची थकबाकी असावी, आणि महिन्याच्या महिन्याला बिल भरणाऱ्या गृहस्थानेही त्यांच्याबरोबर अंधारात बसावे, हा न्याय त्या गृहस्थाच्या गळी उतरणे कठीण होते. त्याने तक्रार केली, अर्ज दिले, आणि शेवटी बाजारात जाऊन इन्व्हर्टर व बॅटरी विकत आणली. मराठवाड्यातील मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात, कोपऱ्यातल्या ट्रॉलीवर, लाल-हिरव्या दिव्यांची ही जोडी विराजमान झाली ती त्या वर्षांत. पुढे तक्त्यावरचे भारनियमन शहरांतून मागे हटले, तरी ट्रॉली हटली नाही. कारण वळवाच्या पहिल्या सरीबरोबर तार तुटते, उन्हाळ्यात डीपी जळते, दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहतो, आणि कोळसा असूनही पाणी नसले तर खुद्द परळीचे केंद्र थांबते, हे २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळांत सर्वांनी पाहिले.

मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॅटरीच्या एका दुकानात काही वेळ बसले, तर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न न चुकता एकच असतो: “भाऊ, लाईट गेल्यावर किती घंटे चालती?” त्या दुपारी एक निवृत्त शिक्षक रिक्षात घालून आपली चार वर्षांची ट्यूब्युलर बॅटरी घेऊन आले होते. नवी असताना पाचएक तास काढणारी ही बॅटरी आता तासाभरातच मान टाकत होती. दुकानदाराने सहाही बुचे उघडली, काचेच्या नळीचा रबरी फुगा दाबून एकेका खणातील आम्ल वर ओढले, आणि नळीतला तरंगणारा काटा डोळ्यांच्या पातळीस धरून वाचला. पाच खणांत आकडा १.२४० च्या आगेमागे होता, सहाव्यात १.१२० वरच राहिला. “सर, एक सेल बसला,” एवढेच तो म्हणाला, आणि मग कोणते पाणी घालीत होता याची चौकशी केली. सरांनी सांगितले की डिस्टिल्ड वॉटर संपले तेव्हा दोन-तीनदा बोअरचे घातले. दुकानदाराने नुसती मान हलविली. बेसॉल्टच्या खडकातून उपसलेल्या त्या पाण्यातील क्षार शिशाच्या पट्ट्यांची क्षमता कायमची हिरावून घेतात, आणि सहा खण ओळीने जोडलेले असल्यामुळे सर्वांत दुबळा खण जेवढे देईल तेवढेच साऱ्या बॅटरीस देता येते.

या बॅटरीचे मूळ फार जुने आहे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये शिसे व गंधकाम्ल यांच्या संयोगाने पुन्हा पुन्हा भारित होणारा विद्युत्कोश सिद्ध केला, आणि दुकानात फळीवर मांडलेल्या बॅटऱ्यांतील रासायनिक क्रिया आजही मूलतः तीच आहे. अशा बॅटरीच्या अंगावर १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास असे छापलेले असते. या दोहोंचा गुणाकार १८०० वॅट-तास, म्हणजे विजेच्या बिलावरील भाषेत १.८ युनिट. गिऱ्हाईक हा आकडा घेऊन घरी जाते, पंखा-दिव्यांच्या वॅटनी त्यास भागते, आणि मिळालेले तास प्रत्यक्षात का मिळत नाहीत म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालते.

तीन ठिकाणी या भागाकाराला गळती लागते. पहिली इन्व्हर्टरमध्ये: बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे घरगुती प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करताना शंभरातील पंधरा-वीस भाग उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतात. दुसरी गळती आपण होऊन सोसावयाची असते. शिशाची बॅटरी तळापर्यंत रिकामी करीत राहिले तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून निदान एक पंचमांश शिल्लक राखणे हिताचे. तिसरी सर्वांत फसवी आहे. १५० अँपिअर-तास हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर खरा. घाईने उपसली तर तीच बॅटरी कमी देते, हे विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दाखवून दिले. परिणामी १०० वॅटचा भार असलेले घर नव्या बॅटरीवर, पंचमांश राखूनही, अकराएक तास काढू शकते. भार चौपट करून ४०० वॅट केला तर वेळ एक चतुर्थांश, म्हणजे पावणेतीन तास मिळावा अशी अपेक्षा असते, पण हाती पडतात जेमतेम दोन.

वस्तुतः अंबाजोगाईच्या गृहिणीस हा प्रकार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. धनेगावच्या मांजरा धरणातून येणारे पाणी टंचाईच्या वर्षी कित्येक दिवसांच्या अंतराने नळाला येते, आणि प्रत्येक घरी हौद असतो. हौद किती दिवस पुरतो असे तिला विचारा. ती हौदाची लांबी-रुंदी सांगत बसत नाही. घरात माणसे किती, पाहुणे येणार आहेत काय, गोधड्या धुवावयाच्या की पुढे ढकलावयाच्या, हे आधी सांगा, मग दिवस सांगते, असे ती म्हणेल. साठा हा अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा उपशात आहे, आणि तोच आपल्या हातचा आहे. पाण्याच्या बाबतीत दुष्काळाने अंगवळणी पाडलेला हा विवेक विजेच्या बाबतीत मात्र आपण बॅटरीच्या विक्रेत्यावर सोपवून मोकळे होतो, एवढाच आमचा आक्षेप आहे.

त्या शिक्षकांच्या घरचा उपसा पाहू. त्यांनी गणिताच्या जुन्या वहीत मागील पानावर तो मांडून ठेवला होता: दोन छताचे पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, चार एलईडी दिवे, प्रत्येकी ९, वायफायचा राउटर व मोबाइलचे चार्जर मिळून वीसेक, एकूण २०६ वॅट. नव्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर हे घर सुमारे पाच तास चालते. आता दिवे, राउटर सर्व तसेच राहू द्यावे, आणि फक्त ते दोन पंखे काढून त्यांच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी मोटारीचे पंखे लावावेत. भार ११६ वॅटवर येतो आणि तीच बॅटरी साडेनऊ तासांच्या घरात जाते. दुसरी बॅटरी विकत घेऊन जे साधावयाचे ते पंखे बदलून साधले. शिवाय बॅटरी काही वर्षांनी भंगारात जाते, आणि पंख्याने वाचविलेली वीज तो फिरेल तोवर वाचतच राहते. सरांनी हा हिशेब वहीत आधीच केला होता काय, असे विचारले असता ते हसून म्हणाले, “केला होता, पण घरात पटवायला वेळ लागला.”

येथे आणखी एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. बॅटरी किती वेळ चालेल हा साठ्याचा प्रश्न असून इन्व्हर्टर एका वेळी किती ओझे उचलील हा बळाचा प्रश्न आहे, आणि दोहोंची गल्लत सर्रास होते. एक अश्वशक्तीची बोअरची मोटार चालू असताना सुमारे एक किलोवॅट घेते, परंतु सुरू होण्याच्या क्षणी तिला त्याच्या पाच-सहापट प्रवाह लागतो. साध्या घरगुती इन्व्हर्टरला तो धक्का सोसत नाही आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही घर अंधारात जाते. फ्रिजची गत उलट आहे. त्याचा काँप्रेसर मधूनमधून चालतो आणि चोवीस तासांत साधारण एक युनिट घेतो; दार उघडले नाही तर वीज गेल्यावरही चार तास आतील गारवा टिकतो. ज्या घरी इन्शुलिनच्या कुप्या आहेत तेथे हे चार तास ठाऊक असणे अधिक मोलाचे, कारण तेवढ्या वेळापुरती बॅटरी फ्रिजवर खर्चण्याचे कारण राहत नाही. गिझर, इस्त्री व वातानुकूलन यंत्र यांचा विचार मात्र शिशाच्या बॅटरीवर करूच नये.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या या गावात दिवे-पंख्यांच्या पलीकडचाही एक हिशेब आहे. रुग्णालयातून घरी आलेल्या कित्येक रुग्णांच्या उशाशी प्राणवायू सांद्रित करणारे यंत्र असते. मिनिटास पाच लिटर देणारे असे यंत्र सुमारे ३५० वॅट घेते, आणि ते पंख्याप्रमाणे अधूनमधून बंद ठेवता येत नाही. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ते अडीच तास चालेल. त्याला शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर लागतो, स्वस्तातील चौकोनी लहरीचा नव्हे. अडीच तासांनंतर काय, याची तजवीज, म्हणजे भरलेले सिलिंडर, शेजारच्या घरचा दुसरा फीडर किंवा रुग्णवाहिकेचा क्रमांक, आधीच झालेली असली पाहिजे. येथे बॅटरीचा उपयोग यंत्र अखंड चालविण्यापेक्षा धावपळीस उसंत मिळवून देण्यापुरता आहे.

गेल्या काही वर्षांत दुकानाच्या फळीवर एक नवा जिन्नस आला आहे, तो लिथियमचा. लिथियम-आयन कोशाच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. घरगुती साठवणुकीत आज जो प्रकार रूढ होत आहे तो लिथियम, लोह व फॉस्फेट यांचा असून त्याचे मूळ संशोधन गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेत अक्षय पाढी व नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांच्या सहभागाने झाले व १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ५१.२ व्होल्ट व १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी ५.१२ युनिट साठविते. तिच्यातील नव्वद टक्के निर्धास्तपणे वापरता येतात, घाईच्या उपशाचा तिला फारसा उपसर्ग होत नाही, पाणी घालावे लागत नाही, आणि शिशाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते तेथे ही हजारो आवर्तने सोसते. इन्व्हर्टरची तूट वजा जाता सुमारे चार युनिट हाती येतात. त्या शिक्षकांचे घर जुन्या पंख्यांसह तिच्यावर वीस तास चालेल. नवे पंखे लावून वर फ्रिजही जोडला तरी रात्र व दुसरा दिवस निभावून जाईल. प्राणवायूचे यंत्र साडेअकरा तास चालेल. आणि दीड टनाचे वातानुकूलन यंत्र लावले तर तीच बॅटरी चार तासांत रिकामी होईल. किंमत मात्र शिशाच्या बॅटरीहून अधिक आहे, आणि उष्णतेपुढे दोन्ही जातींना माघार घ्यावी लागते: शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश वाढीव तपमानास निम्म्याने घटते असा ढोबळ नियम आहे. चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात बॅटरी गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत ठेवणे म्हणजे तिचे मरण ओढवून घेणे होय. वारा खेळेल अशी तळमजल्यावरील सावलीची जागा तिला हवी, कारण भारित होताना शिशाची बॅटरी हायड्रोजन वायूही सोडते.

साठ्याची चर्चा झरा सोडून पुरी होत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना जाहीर केली. तीन किलोवॅटच्या छतावरील संचास ७८,००० रुपये अनुदान मिळू लागले, आणि अंबाजोगाईच्या गच्च्यांवरही निळसर काळी पॅनेले दिसू लागली. परंतु ज्यांनी ती वीज जाण्यावरचा उपाय म्हणून बसविली, त्यांना पहिल्याच खंडित पुरवठ्यात नवल वाटले: माथ्यावर सूर्य तळपत असताना, छतावर तीन किलोवॅटचा संच असताना, घरातील पंखा बंद! कारण योजनेतील सर्वसाधारण संच हा सार्वजनिक वाहिनीशी बांधलेला असतो, आणि वाहिनी मृत होताच त्याने स्वतःस बंद करून घ्यावे असा नियम आहे; तसे न केले तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाती छतावरची वीज जिवंत तार होऊन येईल. नियम योग्यच आहे. त्यावर उतारा म्हणजे संकरित इन्व्हर्टर व बॅटरी. पण अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीसाठी निराळे नाही.

ही जोडणी ज्याने केली त्याच्यापुरता मात्र मूळ प्रश्नाचा रोखच बदलतो. तीन किलोवॅटचा संच स्वच्छ दिवशी बारा युनिटांच्या आसपास देतो. ज्या घरचा नित्याचा खर्च तीन ते चार युनिट आहे, तेथे दुपार होईपर्यंत रात्रीची तूट भरून निघते. श्रावणात आठवडाभर आभाळ भरून राहिले आणि उत्पन्न एक तृतीयांशावर आले तरी जमाखर्च काठावर जुळतो. कोकणात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावांना वीज परत यावयास आठवडे लागले. अशा आपत्तीत नुसती बॅटरी, मग ती केवढीही असो, लवकरच निर्जीव ओझे ठरते. तेथे तासांची गणना संपते, आणि दिवसाच्या उत्पन्नात दिवसाचा खर्च बसवावयाचा एवढेच उरते.

हा खर्च देशोदेशी किती भिन्न असतो पाहावे. अमेरिकेत घरोघरी लागणारी एक प्रसिद्ध बॅटरी १३.५ युनिटांची आहे. तेथील सरासरी कुटुंब दिवसाला २९ युनिटांच्या आसपास वापरते, तेव्हा ती अकरा तासांत संपते. तीच बॅटरी अंबाजोगाईच्या तीन-चार युनिटांच्या घरी चार दिवस पुरेल. आणि याच बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारे जे कुटुंब पाचटाच्या कोपीत हंगाम काढते, त्याच्यापाशी विजेचा एकमेव साठा म्हणजे मोबाइलची बॅटरी: १९ वॅट-तास. शिक्षकांच्या कोपऱ्यातील बॅटरीत असे नव्वदांहून अधिक मोबाइल मावतील. घरगुती बॅटरी किती वेळ चालते याचे उत्तर अकरा तासांपासून चार दिवसांपर्यंत पसरते ते बॅटरी बदलल्यामुळे नव्हे, संसार बदलल्यामुळे.

यास्तव बॅटरी घेणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. आठ दिवस रोज ठरल्या वेळी मीटर वाचून घरचा उपसा लिहून काढावा. वीज नसताना जे थांबणे अशक्य आहे त्याची यादी, जे थांबले तर गैरसोय होईल त्याची दुसरी यादी करावी, आणि दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये. पहिल्या यादीतील जुनी यंत्रे आधी बदलावीत. आणि मग उरलेल्या भारावर, तुटी वजा करून, साठ्याची खरेदी करावी. जुनी शिशाची बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडेच परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन मार्गी लावण्याचे उत्तरदायित्व उत्पादकावर टाकले आहे, आणि भंगारवाल्याच्या अंगणात फोडलेले शिसे प्रथम शेजारच्या लेकरांच्या रक्तात उतरते.

तथापि हा सारा शहाणपणा ऐपतदाराचा आहे, हे मान्य केल्यावाचून विषय पुरा होत नाही. भाड्याच्या खोलीतील विद्यार्थ्याला छत नाही, मजुराला भांडवल नाही. साठवणूक सार्वजनिक रीतीनेही होऊ शकते आणि महाराष्ट्राने ती करून दाखविली आहे: घाटघरच्या उदंचन प्रकल्पात २००८ पासून मागणी कमी असते तेव्हा पाणी वरच्या जलाशयात चढविले जाते आणि निकडीच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घेतली जाते. लिथियम-आयन बॅटरी-संचांची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये युनिटामागे हजार डॉलरांहून अधिक होती, ती २०२४ मध्ये ११५ वर आली. तेव्हा उपकेंद्रांच्या आवारात, साऱ्या गावाच्या मालकीचा साठा उभारणे आता अशक्य कोटीतील गोष्ट राहिलेली नाही. लोकांनी खाजगी पैशांतून घरोघरी जे साठे केले आहेत ते एका अर्थी पुरवठ्याच्या अनियमिततेवर बसलेला अघोषित करच होय, आणि तो भरण्याची ऐपत नसलेल्यास तर अंधाराखेरीज पर्याय नाही. घरची तजवीज प्रत्येकाने जरूर करावी. पण ती प्रत्येकाला निराळी करावी लागणे ही राज्यकारभारातील तूट आहे, आणि दिवाणखान्यातील बॅटरी कितीही मोठी घेतली तरी ही तूट तिच्याने भरून निघणार नाही.